काचेखालची शाळा

मित्रांनो, मी एक जुनी प्रतिकृती आहे. शाळेच्या प्रदर्शनात असते तशी थर्मोकोलची, दुसऱ्या दिवशी कोपरे तुटलेली नव्हे. मी चांगली मोठ्या जेवणाच्या टेबलाएवढी होते आणि माझ्यावर काचेचं झाकण होतं. ऑफिसातले लोक मला नुसतं ‘मॉडेल’ म्हणायचे.

मी ज्या जागेचं मॉडेल होते, तिला विशेष आर्थिक क्षेत्र म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे. सरकार एका मोठ्या जमिनीला कुंपण घालतं आणि कुंपणाच्या आत सोपे, सवलतीचे नियम लावतं. मग परदेशी कंपन्यांना सांगतं, इथे कारखाना काढा, दहा वर्षं तुम्हाला कर माफ, रस्ता आणि वीज आम्ही देतो. कंपन्या आल्या की आसपासच्या लोकांना काम मिळेल, असा त्यामागचा विचार असतो. पण विमानातून उतरलेल्या पाहुण्यांना नुसती नांगरलेली शेतं दाखवून काय उपयोग? म्हणून शेतं शेतंच होती तेव्हाच मला बनवून घेतलं.

माझा कारागीर हात राखून काम करणाऱ्यातला नव्हता. तो आणि त्याची बायको दोघं मिळून दोन महिने माझ्यावर वाकलेले असायचे. तो प्लायवूड कापायचा, ती स्पंजचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून झाडं करायची. “इतकी झाडं लावली, पण पाणी घालायची कटकट नाही,” असं ती म्हणायची. कारखाने, रस्ते, पाण्याची टाकी, सगळं झालं आणि शेवटी उजव्या बाजूला एक शाळा झाली. शाळेच्या अंगणात त्याने तांदळाच्या दाण्याएवढ्या मुली उभ्या केल्या. एकीला दोन वेण्याही घातल्या.

“कोणाला दिसणार आहेत त्या?” बायकोने विचारलं.

“मला माहीत आहे ना, आहेत म्हणून,” तो म्हणाला.

मला दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवलं. माझ्या कडेला बटणं होती. लाल दाबलं की कारखाने उजळायचे, निळं दाबलं की रस्ते, पिवळं दाबलं की शाळा. सूट घातलेले पाहुणे यायचे, माझ्याभोवती गोल उभे राहायचे, माना डोलवायचे. माझे फोटो काढायचे. मी अगदी हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू? माझ्याइतकी देखणी जमीन या पृथ्वीवर नाही, असंच मला वाटायचं.

मग एके दिवशी सकाळी ज्यांची ती शेतं होती, ते लोक आले. जमीन द्यायची की नाही हे ठरवायच्या आधी त्यांना मला बघायचं होतं. पुरुष कारखान्यांकडे बघत राहिले. बायका शाळेपाशी गोळा झाल्या. त्यांच्या वस्तीवर शाळा फक्त सातवीपर्यंत होती. पुढची शाळा दीड तासाच्या वाटेवर, मधे ट्रकांचा मोठा रस्ता. त्यामुळे सातवी झाली की मुली घरी बसायच्या.

त्या बायकांमध्ये एक होती, तिला सगळे वकीलीण म्हणायचे. कोर्टाची पायरी ती कधी चढली नव्हती. पण भाजीची जुडी घेतानासुद्धा ती तीन प्रश्न विचारायची, म्हणून हे नाव. तिची मुलगी त्या वर्षी सातवीत होती. वकीलिणीने बोटाने रस्ता, ओढा, टेकडी असं मोजलं आणि शाळेवर काचेवरून हात ठेवला.

“हे माझं रान आहे,” ती म्हणाली. “साहेब, ही शाळा होणार?”

“होणार म्हणजे काय, तुम्हाला दिसतेय ना समोर?” मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी पिवळं बटण दाबलं.

“दहावीपर्यंत?”

“दहावीपर्यंत.”

“हे कागदावर लिहून मिळेल?”

साहेब हसले. “मावशी, कागदावर लिहिलेलं तुम्हाला वाचता येतं का?”

बाकीचेही हसले. वकीलीण ओशाळली. तिसरा प्रश्न झाला होता आणि चौथा तिने विचारला नाही. जन्मभरात त्या एकाच दिवशी ती गप्प बसली. बायकांनी मात्र वेगळाच अर्थ घेतला. वकीलिणीचंसुद्धा समाधान झालं, मग आपण काय शंका काढणार? सगळ्यात आधी तिने अंगठा दिला आणि तिच्या मागे वस्तीने दिला. तिने दाराशी वळून बायकांना सांगितलं, “मी हात लावून बघितलंय.”

कुंपण झालं. जमीन गेलेल्यांपैकी काहींना कामं मिळाली, तशी वकीलिणीला माझ्याच हॉलची साफसफाई मिळाली. रोज सकाळी ती काच पुसायची आणि पिवळं बटण एकदा दाबून बघायची. “चल गं, तुझीही मधली सुट्टी झाली,” असं त्या वेणीवालीला म्हणायची. हो, तिला ती दिसली होती.

दोन वर्षांनी एक बडी परदेशी कंपनी आली. फोनमधले बारीक भाग बनवणारी. सगळ्यांनी पेढे मिळाल्यासारखी तोंडं केली होती आणि मीही केली असती, मला तोंड असतं तर. पण कंपनीला कंटेनर उभे करायला आणि माल साठवायला आणखी जागा हवी होती आणि ती नेमकी शाळेचीच हवी होती. कारागिराला बोलावलं. त्याने काच उचलली आणि पातळ सुरी काढली. मग त्याने शाळा खरवडली. तिथे राखाडी रंगाचं गोदाम चिकटवलं. मुली त्याने एका पुडीत बांधल्या, पण ती पुडी साहेबांच्या शिपायाने कचऱ्यात टाकली. मित्रांनो, लाकडाला दुखत नाही असं म्हणतात. मला दुखलं.

दुसऱ्या दिवशी वकीलीण फडकं घेऊन आली. तिने पिवळं बटण दाबलं. कारागीर खालचा दिवा काढायचा विसरला होता, त्यामुळे आता गोदाम उजळलं. ती किती वेळ बटणावर बोट दाबून उभी होती, सांगता येत नाही.

“पुढच्या टप्प्यात होईल, मावशी,” साहेब म्हणाले. त्यांची बदली त्याच वर्षी झाली. नंतरच्या साहेबांना शाळा माहीतच नव्हती.

तिच्या मुलीची सातवी केव्हाच झाली होती. ती घरी बसली, तिच्या मैत्रिणीही बसल्या. वस्तीवर बायका म्हणू लागल्या, हिला ऑफिसात नोकरी मिळाली ती काय उगाच? आधी अंगठा देण्याचं बक्षीस आहे ते. तिला हळदीकुंकवाला तर नाहीच, साधं पाणी भरायलाही कोणी हाक मारेना. हे मला तिच्याच तोंडून कळलं. काच पुसताना ती माझ्याशी बोलायची, कारण दुसरं कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. “विकलं म्हणतात मला,” एवढंच एकदा म्हणाली आणि फडकं पिळायला गेली. मी मूग गिळून बसले. मला दुसरं काही येतही नाही.

अठरा वर्षांची झाल्यावर मुलगी त्याच कंपनीत लागली. भिंगातून बारीक तारांचे जोड तपासायचं काम. हात चांगला होता तिचा. तिच्या पगारावर घराचं छप्पर पक्कं झालं, हेही मी सांगायलाच हवं. सहा वर्षं ती तिथे होती. मग कंपनीची करमाफीची दहा वर्षं संपली. दूर कुठल्याशा देशात असंच नवं कुंपण घातलं होतं, तिथे नवी दहा वर्षं मिळत होती. कंपनीने यंत्रं कंटेनरमध्ये भरली आणि ती निघून गेली. चौदाशे माणसं फाटकाबाहेर उभी राहिली. वकीलिणीची मुलगी हातातलं भिंग परत करायचं विसरली होती, ते द्यायला ती पुन्हा आत गेली. घ्यायला कोणीच नव्हतं.

त्यालाही चार वर्षं झाली आणि मागच्या आठवड्यात माझ्या जागी नवं मॉडेल येणार असं ठरलं. मला भंगारात काढायला वकीलीण आणि तिची मुलगी दोघी लागल्या. दोघींनी जोर लावून मला भिंतीपासून ओढलं.

आता मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती सांगते. माझ्या मागच्या बाजूला एक पट्टी ठोकलेली आहे. पहिल्या दिवसापासून आहे. सोळा वर्षांची धूळ मुलीने हाताने पुसली आणि ती मोठ्याने वाचू लागली. “हे मॉडेल केवळ कल्पना देण्यासाठी आहे. यात दाखवलेल्या सोयी कोणत्याही वेळी बदलू किंवा रद्द होऊ शकतात.”

वकीलीण खाली बसली. “मराठीतच लिहिलंय?”

“मराठीतच.”

“तू सातवीत होतीस तेव्हा. वाचता आलं असतं तुला.”

“आलं असतं, आई. पण या बाजूला भिंत होती.”

“पुन्हा वाच,” ती म्हणाली. मुलीने पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. वकीलिणीचे ओठ हलत होते, ती पाठ करत होती. पाठ झाल्यावर ती उठली, चेहरा पुसला आणि वस्तीकडे निघाली. प्रत्येक घरी जाऊन ही दोन वाक्यं सांगायची आणि आपण मागची बाजू बघितली नाही हेही सांगायचं, असं तिने मुलीला बजावलं. कोणी तिला आत बोलावलं आणि कोणी दार लावून घेतलं, ते मला कळलं नाही. मी तोवर अंगणात पडले होते.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य झालं. उद्या हॉलमध्ये माझी नवी बहीण येईल आणि ती माझ्याहून देखणी असेल. तुम्ही तिला बघायला जाल तेव्हा बटणं नंतर दाबा. आधी तिला भिंतीपासून ओढा. आणि ज्याला वाचता येत नाही तो माणूस शेजारी उभा असेल, तर त्याला मोठ्याने वाचून दाखवा.