सिद्धाप्पाचा खाकी सदरा

मी शिवणाची मशीन बोलतेय. भालकीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, श्रीदेवीच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून माझी जागा आहे. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी, मंठाळच्या रेवणसिद्धप्पांनी, चार मेंढ्या विकून मला उदगीरहून आणलं. मांडवातल्या बाया कुजबुजल्या, "पोरीला भांडी द्यायची सोडून लोखंड दिलं की!" त्याच लोखंडावर श्रीदेवीनं घर चालवलं. माझ्या अंगावरची सोनेरी वेल तिच्या मनगटानं घासून कधीच पुसली गेली.

तिचा नवरा सिद्धाप्पा शाळेची बस चालवायचा. थोराड अंगाचा आणि बोलायला मऊ. मुलं त्याला अण्णा म्हणायची, आणि उतरताना दप्तर अडकलं तर तो स्वतः खाली उतरून सोडवायचा. अंग मात्र वर्षागणिक वाढत गेलं. त्यानं भात सोडला, अर्धी भाकरी कमी केली, सकाळी फाट्यापर्यंत चालायला लागला, तरी वजनाचा काटा उतरला नाही. त्याच्या खाकी सदऱ्याला श्रीदेवी बगलेत वेगळा तुकडा जोडायची आणि तो दिसू नये म्हणून शिवण आतून घ्यायची. "माझ्या सदऱ्यात दोन माणसं बसतेत," असं म्हणून लोकांच्या आधी तोच हसायचा. लोक गेले की माझ्याशेजारच्या खुर्चीत गप बसून राहायचा.

एका दुपारी चंद्रभागाबाई आल्या. बसमध्ये मुलांना सांभाळायला त्याच असत. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "श्रीदेवी, रेल्वे फाटक उघडलं, मागून गाड्या हॉर्न मारायल्या, आन् अण्णा स्टेअरिंगवर झोपलेले. गाडी थांबलेली होती म्हणून बरं. चालत असती तर?"

श्रीदेवीनं माझं चाक हातानं थांबवलं. त्याच आठवड्यात दोघं कलबुर्गीला जाऊन आले.

डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत त्याचा श्वास मधूनमधून थांबतो. मानेवर, पोटावर साठलेल्या वजनाचा तो दाब. रात्रीची झोप झोपच नसते, म्हणून दिवसा डोळे मिटतात. तोंडाला लावून झोपायचं एक यंत्र त्यांनी देऊन पाहिलं, पण ते लावलं की त्याचा जीव घाबरायचा आणि तो ओढून काढायचा. मग वजन उतरवायचं इंजेक्शन लिहून दिलं. आठवड्याला एक, पोटावर टोचायचं. त्याची किंमत ऐकून दोघं बाकावर बराच वेळ बसून राहिली म्हणे. सिद्धाप्पाच्या पगारातले रुपयाला बारा आणे त्यातच जाणार होते.

विम्याचं काम बघणारे गुंडेराव याच गल्लीतले. श्रीदेवीनं त्यांना बोलावून चहा दिला.

"अक्का, वजनाच्या औषधाला विमा लागू न्हाई," ते म्हणाले. "दवाखान्यात दाखल झालं तरच पैसे मिळतेत."

"म्हंजे गाडी पलटली, हातपाय मोडले, मग मिळतेत?"

"व्हय. मग मिळतेत." गुंडेरावांनी मान खाली घातली आणि संपलेला कप पुन्हा तोंडाला लावला.

ते गेल्यावर श्रीदेवी माझ्यासमोर बसली. "औषध आणायचं," ती म्हणाली. सिद्धाप्पा म्हणाला, "एवढे पैसे कुठून आणणार हैस?" दुसऱ्या दिवशी बाजारातल्या कापड दुकानातून शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा आला.

तेव्हापासून मी इतकी चालले की माझ्या पट्ट्याला वास यायला लागला. गणवेश, ब्लाउज, साड्यांचे फॉल, गाद्यांच्या खोळी, ती काहीच परत पाठवायची नाही. दर रविवारी सकाळी फ्रिजमधून इंजेक्शन काढायची. एवढा मोठा माणूस, सुईला भ्यायचा. डोळे गच्च मिटून म्हणायचा, "झालं का?" ती म्हणायची, "कवाच झालं. उघडा डोळे."

आणि गुण आला. आधी मळमळ, मग भूक गेली, मग अंग उतरायला लागलं. एके दिवशी श्रीदेवीनं तो खाकी सदरा माझ्यावर घेतला, बगलेतले तुकडे उसवून काढले आणि दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. पोळ्याच्या सुमारास पुन्हा घेतली. मी इतके सदरे शिवले, पण कापड कमी करताना शिवणारीला गुणगुणताना तेव्हाच ऐकलं. सिद्धाप्पा दुपारी जागा राहायला लागला. मुलांच्या नकला करून दाखवायचा. जिन्यानं गच्चीवर जाऊन वाळवण काढून आणायचा आणि खाली येऊन सांगायचा, "बघ, धाप लागली न्हाई."

पण श्रीदेवीचा उजवा हात बधिर होऊ लागला. दोरा ओवताना बोटांना सुई कळेना. ती गपचूप ऊन पाण्यात हात बुडवून बसायची. एकदा सिद्धाप्पानं ते पाहिलं. तो माझ्याजवळ आला, त्याच्या जाड बोटांनी चारदा चुकत दोरा ओवून दिला, आणि तिच्या हाताकडे बघत उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात ती बाजारात गेली असताना तो माझ्या फळीवर हात टेकून बसला होता. ती आली तसा म्हणाला, "डॉक्टरांचा फोन आलता. आता इंजेक्शनची गरज न्हाई म्हणले. पुरे झालं."

फोन आला नव्हता. मी तिथेच होते.

श्रीदेवी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. तिलाही ते खरं हवं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि किती दिवसांनी पाय पसरून बसली.

दोन महिने बरे गेले. मग भूक परतली, आणि थकबाकी वसूल करायला आल्यासारखी परतली. तो ताटावरून अर्धपोटी उठायचा आणि पाणी पिऊन पिऊन पोट भरायचा. तरी अंग वाढतच गेलं. सदऱ्याची बटणं ताणायला लागली. एका संध्याकाळी श्रीदेवीनं न विचारता तो सदरा घेतला. शिवण घेताना तिनं आत दोन बोटं कापड राखलं होतं. ती एकेक टाका उसवत गेली, आणि अर्ध्यात तिचे हात थांबले.

"खरं सांगा. डॉक्टर काय म्हणलेते?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "काहीच न्हाई म्हणले. मीच बंद केलं."

"कामून?"

"तुझा हात जायलाय, श्रीदेवी. मला दिसत न्हाई व्हय?"

"माझा हात गेला तर हात जाईल. तुमचं काय जाईल, कळतंय का?" ती रडायलाच लागली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "परत सुरू करू. ही मशीन विकते. येतेत थोडे पैसे."

माझ्या पोटातलं तेल थिजलं. पण तो शांतपणे म्हणाला, "मशीनचे पैसे किती दिवस पुरतेत? आन् मग काय विकशील? हे औषध सोडलं की वजन परत येतंय. जलमभर घ्यावं लागतंय. आपल्याकडं तेवढं न्हाई."

तिनं डोळे पुसले आणि सदरा पुन्हा मोठा करून दिला.

तो सदरा त्यानं आठ-पंधरा दिवसच घातला. एका दुपारी घरी आला. तोंड पांढरं पडलेलं.

"आज कारखान्याच्या वळणावर डोळा लागला. एवढासाच. चंद्रभागाबाईलासुदीक कळलं न्हाई. डोळा उघडला तवा समोर उसाची ट्रॉली होती. बसमधी पोरं गाणं म्हणायलीती." तो खुर्चीत बसला. "पोरांना एकेकाला घरी सोडलो, गाडी शाळेत लावलो आन् किल्ली देऊन आलो. आता न्हाई चालवणार."

श्रीदेवीनं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "बरं केलात." मग स्वयंपाकघरात गेली, आणि तिथे पातेली उगाच वाजत राहिली.

आता बस दुसरा माणूस चालवतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की मुलं खिडकीतून "अण्णा, अण्णा" ओरडतात. सुरुवातीला तो दारात जायचा. आता ती वेळ झाली की आतल्या खोलीत काहीतरी शोधत बसतो.

ब्लाउजला हुक लावायचं काम तो शिकलाय. माझ्याशेजारी बसून, मान वाकवून, एकेक हुक लावतो. लावता लावता त्याचा डोळा लागतो, हातातलं कापड मांडीवर पडतं, आणि घोरता घोरता अचानक सगळं बंद होतं. तेव्हा श्रीदेवीचे पाय पायडलवर थांबतात. मीही थांबते. आवाज केला तर त्याचा श्वास ऐकू येणार नाही म्हणून आम्ही दोघी गप राहतो. बाहेर रिक्षा जातात, शेजारी कुकरची शिट्टी होते. ती त्याच्या छातीकडे बघत असते. मग त्याला एकदम हुंदक्यासारखा श्वास येतो, आणि तिचे पाय हलतात.

तुम्ही कधी आमच्याकडे कपडे टाकायला आलात, आणि मशीन मध्येच का बंद पडते असं वाटलं, तर दारात थोडं थांबा. काम चोख मिळेल. उशीर झाला तर तिला बोलू नका.