नावाच्या पट्ट्या

"मोज्यांनासुद्धा?" सुधीर टिकेकरने विचारलं.

"मोज्यांनासुद्धा," नीता म्हणाली. "रुमालांनासुद्धा. तुम्हीच तर वाचून दाखवलंत."

इंग्लंडच्या शाळेचं म्हणणं स्पष्ट होतं. मुलाच्या प्रत्येक वस्तूवर त्याचं नाव शिवलेलं हवं, चिकटवलेलं चालणार नाही. त्यासाठी पांढऱ्या फितीवर लाल धाग्याने 'एन. टिकेकर' असं विणलेल्या पट्ट्या टपालाने आल्या होत्या. लागणार होत्या त्याच्या दुप्पट आल्या होत्या, कारण त्याहून कमी विणून द्यायला कोणी तयार नव्हतं. सोफ्यावर कपड्यांचा ढीग पडला होता. नीता दुपारपासून मान मोडून शिवत बसली होती. दहा वर्षांचा नील खाली सतरंजीवर बसून कात्रीने एकेक पट्टी सुटी करत होता.

"आलेस?" त्याने विचारलं. सगळ्यावर?

नीलला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं. आईबापांनी त्यापुढे केव्हाच हात टेकले होते.

"जे जे तुझं आहे त्या सगळ्यावर," सुधीर म्हणाला. "तिथे सगळ्या मुलांचे कपडे एकत्र धुतात. नाव असलं की वस्तू कुठेही राहिली तरी फिरून आपल्या माणसाकडे येते. नाव नसलं की गेली."

"गेनाऊ," नील म्हणाला. बापाचं बोलणं पटलं की तो असंच म्हणायचा. त्याने आणखी एक पट्टी कापली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

सुधीर खुर्चीत बसून हे बघत राहिला. गेले तीन महिने ज्या गोष्टीसाठी त्याने जिवाचं रान केलं होतं ती आता मोज्यांपर्यंत येऊन पोचली होती. माणसाला अशा वेळी आनंद व्हायला हवा. सुधीरला फक्त थकवा जाणवत होता.

सुरुवात मे महिन्यात झाली होती. म्युनिकजवळच्या या उंटरश्लाइसहाइम गावात टिकेकर मंडळी सहा वर्षांपूर्वी राहायला आली. सुधीरची कंपनी मूळची इंग्लिश. ती मोजमापाची यंत्रं बनवायची आणि सुधीर ती यंत्रं बरोबर मोजतात की नाही ते तपासायचा. काम चोख. कोणी तक्रार करायचं नाही, कौतुकही करायचं नाही. नील घराजवळच्या शाळेत चौथीत होता, आणि चौथीनंतर तिथे मुलांच्या वाटा फुटतात. हुशार ठरलेली मुलं गिम्नाझियमला जातात, मधली रेआलशूलला, आणि उरलेली हाउप्टशूलला, पुढे एखादा धंदा शिकायला. मूल तेव्हा दहा वर्षांचं असतं. मिसरूड फुटायच्या आधी त्याचं भविष्य फोडून मोकळं होणारं हे गणित सुधीरला कधी कळलंच नाही.

नीलच्या बाई, फ्राउ लिंडनर, वाईट नव्हत्या. त्यांनी दोघांना छोट्या खुर्च्यांवर बसवलं, चहा विचारला आणि नीलचं बरंच कौतुक केलं. तो वर्गात सगळ्यांना मदत करतो. तो हळू आहे, पण धरलेलं काम सोडत नाही. घाई केली की मात्र मिटून जातो. म्हणून त्याच्यासाठी हाउप्टशूल बरी, तिथे कोणी त्याला पळवणार नाही, आणि पुढे जमलं तर वर जायचे रस्ते आहेत. सुधीर प्रत्येक वाक्याला जर्मनमधून "जा, जा", म्हणजे हो, हो, म्हणत राहिला.

दुखणं जुनं होतं. सुधीरचा थोरला भाऊ श्रीधर सांगलीत इंजिनियरिंग कॉलेजात प्राध्यापक होता. सुधीरचे मार्क कमी पडले म्हणून त्याने डिप्लोमा केला. घरी पाहुणे आले की त्यांचे वडील ओळख करून द्यायचे, "हा आमचा श्रीधर, इंजिनियर. आणि हा सुधीर." सुधीरच्या पुढे काही नसायचं. पुढे सुधीर जर्मनीला आला आणि नातेवाइकांनी त्याला आपणहून इंजिनियर करून टाकलं. त्यानेही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. फुकट मिळालेला मान कोण परत करतो?

त्या रविवारी श्रीधरदादाचा नेहमीचा फोन आला. दादाने विचारलं, नील आता गिम्नाझियमला जाणार ना? दादाला जर्मनीतलं सगळं वाचून माहीत असायचं.

"नाही दादा," सुधीर म्हणाला, "त्याला इंग्लंडला ठेवायचं चाललंय. बोर्डिंगला."

वाक्य डोक्यात यायच्या आधीच तोंडातून निघून गेलं होतं. स्वयंपाकघरात नीताचं लाटणं थांबलं. पलीकडून दादा म्हणाला, "वा! वा रे पठ्ठ्या." दादाने असं सुधीरला आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं होतं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

थाप पचवायची तर ती खरी करावी लागते. परदेशी ठेवलेल्या माणसांच्या मुलांच्या शाळेचा खर्च कंपनी उचलायची, त्यामुळे तीही सबब उरली नव्हती. सुधीरने ड्युसेलडॉर्फच्या विभावरीताईंना फोन लावला. त्यांचे यजमान त्याच कंपनीत मोठ्या जागेवर होते आणि दोन्ही मुलगे इंग्लंडात शिकत होते. विभावरीताईंना हा विषय म्हणजे पर्वणीच. त्यांनी तासभर सुधीरची शिकवणी घेतली. सरकारी नसलेल्या सगळ्या शाळा इंडिपेंडंट. त्यातल्या जुन्या आणि नामांकित त्या पब्लिक स्कूल. नाव पब्लिक, पण पब्लिकला आत प्रवेश नाही. सात वर्षांपर्यंत प्री-प्रेप, तिथून तेरापर्यंत प्रेप, मग परीक्षा देऊन सीनियर स्कूल. ग्रामर स्कूलच्या वाटेला जायचं नाही, ती सरकारी, तिथल्या रहिवाशांची, आणि प्रवेशाला परीक्षा. काही शाळा नुसत्या मुलांच्या, काही मुलामुलींच्या.

"आल्झो, तर मग तुमच्या नीलला प्रेपच," त्या म्हणाल्या. "लहानशी बघा. लहान शाळांना मुलं हवी असतात, फार चाळणी लावत नाहीत. आणि एकदा प्रेप झालं ना, की तो आधी कुठे होता हे कोणी विचारत नाही."

हे शेवटचं वाक्य सुधीरच्या मनात बसलं.

रात्रीच्या जेवणानंतर त्याने कागदावर चौकोन काढून नीताला सगळं समजावून सांगितलं. यंत्राचा आराखडा समजावताना तो जसा रंगायचा तसाच रंगला. डे, वीकली बोर्डिंग, फुल बोर्डिंग अशा बाणांपर्यंत आला तेव्हा नीताने ताटं उचलता उचलता विचारलं, "यातलं मूल संध्याकाळी घरी येतं ती कुठली?"

"डे स्कूल. पण त्यासाठी आपण तिथे राहायला पाहिजे."

"आणि शनिवार-रविवारी येतं ती?"

"तीही तिथल्याच लोकांसाठी."

नीताने ताटं बेसिनमध्ये ठेवली. पाठमोरीच म्हणाली, "अहो, एकच विचारते. हे नीलसाठी आहे की दादांसाठी?"

सुधीरने कागदाची घडी घातली. उत्तर दोघांनाही माहीत होतं. नीतानेही विषय पुढे ताणला नाही. चार वर्षं रोज दुपारी ती नीलला घेऊन बसली होती, स्वतः अर्धंमुर्धं जर्मन शिकून त्याला निबंध लिहायला शिकवत होती, आणि एवढं करून हे फळ पदरात पडलं होतं. कुठेतरी तिलाही वाटत होतं, की आपल्याकडूनच झालं नाही, आता दुसऱ्या कोणाकडून होतंय का बघू. भांडायलाही अंगात जोर लागतो.

शाळेच्या हेडमास्तरांनी नीलशी फोनवर बोलायचं ठरवलं. सुधीरने आठवडाभर त्याच्याकडून इंग्रजी उत्तरं घोटून घेतली. हेडमास्तरांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. तुला काय आवडतं, एवढंच विचारलं. नीलने तुटक इंग्रजीत आपल्या लोकलगाडीबद्दल सांगितलं. म्युनिकहून येणारी एस-बान न्यूफार्न स्टेशनात दुभंगते. पुढचे डबे फ्रायसिंगला जातात, मागचे विमानतळावर. नव्या माणसांना ते माहीत नसतं, ती पुढे बसतात आणि त्यांचं विमान चुकतं. म्हणून नील गाडीत बॅगावाले दिसले की त्यांना मागे जायला सांगतो. फुटबॉलच्या विश्वचषकाच्या दिवसांत तर त्याने कितीतरी लोकांना मागे पाठवलं होतं. एका ब्राझीलवाल्या आजोबांनी त्याला टोपी दिली होती.

हेडमास्तर हसले आणि जागा दिली. ज्याच्यापायी बापाने कपाळाला हात लावला होता तो पोरगा गाडीच्या गोष्टीवर पास झाला. पण हे सुधीरच्या ध्यानात आलं नाही. त्याने आधी सांगलीला फोन लावला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बापलेक निघाले. नीताचा इंग्लंडचा व्हिसा काढायला वेळ उरला नव्हता, म्हणून ती स्टेशनपर्यंत आली. नीलच्या वर्गातली मुलं बागेत सायकली फिरवत होती. बायर्न प्रांतातल्या शाळांची सुट्टी अजून संपायची होती.

"इथली शाळा उघडायलासुद्धा वेळ आहे अजून," नीता सहज बोलावं तसं म्हणाली.

गाडी आली. सुधीर समोरच्या डब्यात चढायला लागला तेव्हा नीलने त्याची बाही धरली आणि त्याला मागच्या डब्याकडे नेलं.

शाळा छान होती. हिरवळ होती, जुनी विटांची इमारत होती आणि मुलांचे कपडे-आजारपण बघणारी मेट्रन नावाची एक जाडजूड बाई होती. तिने नीलची बॅग उघडली, शर्टांच्या कॉलरी, मोज्यांच्या कडा भराभर उलटून पाहिल्या आणि तुझ्या आईची शिलाई सुरेख आहे असं नीलला सांगितलं. नील लाजला. मग तिने त्याला त्याचा पलंग दाखवला. खोलीत आणखी सात पलंग होते. सुधीरने उशी थोपटली, कपाट उघडून बंद केलं, खिडकीची कडी बरोबर लागते का ते पाहिलं.

"ऑक्टोबरमध्ये सुट्टी आहे," तो म्हणाला. "लगेच येईल."

"जा," नील म्हणाला. मग कधी नव्हे ते मराठीत म्हणाला, "बाबा, कोट विसरू नका. थंडी आहे."

तो रडला नाही. रडला असता तर सुधीरला बरं वाटलं असतं. चारचौघांसारखा निरोप झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंडनच्या विमानतळावर तपासणीची ही रांग लागली होती. विमानं उडवण्याचा कट पकडला गेल्यामुळे त्या उन्हाळ्यात सगळीकडे धास्तीचं वातावरण होतं. कोट काढा, बूट काढा, पट्टा काढा. सुधीरने सांगितलं ते केलं. पलीकडे त्याने बूट घातले, बॅग घेतली आणि गर्दीबरोबर चालू लागला. डोक्यात नीलचा पलंग होता. खिडकीजवळचा होता. नीलला रात्री खिडकीकडे पाठ करून झोपायची सवय होती, हे त्या मेट्रनबाईला कोण सांगणार?

"टिकेकर?" मागून कोणीतरी हाक मारली. उच्चार वेडावाकडा होता, पण नाव त्याचंच होतं. "मिस्टर टिकेकर?"

तो वळला. तपासणीची एक तरुण बाई हातात त्याचा कोट उंच धरून उभी होती. कोट तो ट्रेमध्येच विसरून आला होता. तो धावत परत गेला. आपलं नाव हिला कसं कळलं, या विचारात असतानाच तिने कॉलर उलटून धरली.

आतल्या बाजूला पांढरी पट्टी होती. लाल धाग्यात 'एन. टिकेकर'. नीताची शिलाई नव्हती. टाके लांबलचक आणि वाकडे होते, काळ्या दोऱ्याचे, आणि शेवटी दोरा सुटू नये म्हणून एकावर एक मारलेल्या गाठींचा गोळा झाला होता. हळूहळू, कोणी घाई करत नसताना, धरलेलं काम न सोडता केलेली ती शिवण होती.

"एन. म्हणजे तुम्हीच ना?" बाईने इंग्रजीत विचारलं.

"नाही. एन. माझा मुलगा."

"म्हणजे कोट त्याचा आहे?"

मागची माणसं खोळंबली होती. बाई कोट हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला. "त्याचाच आहे."

तिने कोट त्याच्या हातात दिला. सुधीर बाजूच्या बाकावर जाऊन बसला, कोट मांडीवर घेतला आणि घरी फोन लावला. नीताने पहिल्याच घंटीला उचलला. नील जेवला का, झोपला कुठे, रडला का, असं सगळं तिने एका दमात विचारलं. सुधीरचं बोट त्या गाठींच्या गोळ्यावरून फिरत होतं.

"नीता," तो म्हणाला, "आपल्याकडची ती शाळा कधी उघडते म्हणालीस?"



"मंगळवारी," नीता म्हणाली.