सहाव्या डावानंतर निघायचं

मार्लिस डायटर एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होती. कुठून किती वाजता निघालं की कुठे किती वाजता पोचतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच वडिलांच्या शहाऐंशीव्या वाढदिवसाला सगळ्यांनी हॅडनला बेसबॉलची मॅच बघायला जायचं ठरलं, तेव्हा आखणी तिच्याच गळ्यात पडली. खरं तर ती तिनेच घेतली.

मर्ल, म्हणजे तिचे वडील, बावीस उन्हाळे हॅडन हॉर्नेट्सची बस चालवत होते. खालच्या लीगचा संघ. वर जाण्याच्या आशेवरची पोरं आणि खाली येत असलेली माणसं. मर्ल त्यांना आयोवाभर फिरवायचे, पण मॅच सुरू झाली की हे आपले बसच्या इंजिनात डोकं घालून, नाहीतर मागच्या बाकावर आडवे. ईस्टरच्या जेवणात ते सहज बोलून गेले, "बावीस वर्षांत पहिल्या डावापासून शेवटापर्यंत मी एक मॅच बघितली असेल तर शपथ." मार्लिसने ते मनात ठेवलं होतं.

तिने मैदानाच्या ऑफिसात फोन करून विचारलं, दुपारी दोनला सावली कुठल्या रांगेवर येते? तिकडची मुलगी म्हणाली, असं आजवर कुणी विचारलं नाही. तरी ती उठून बघून आली. तिसऱ्या बेसच्या बाजूला, सहावी रांग, कडेच्या खुर्च्या, खाली उतरायला चारच पायऱ्या. मार्लिसने तीच तिकिटं घेतली. मॅच रविवारी एकला. घरून, म्हणजे वेलरहून, सव्वानऊला निघायचं. डॅडना दर पन्नास मिनिटांनी लघवीला उतरावं लागतं, म्हणून वाटेत दोन थांबे. साडेअकराला त्यांना खायला लागतं, म्हणून अंड्याची सँडविचं बर्फाच्या पेटीत. भाऊ लाइल आणि त्याची बायको कोरीन ओमाहाहून परस्पर येणार. हे सगळं तिने एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलं, आणि ते बघून तिला बरं वाटायचं.

शुक्रवारी लाइलचा फोन आला.

"काय बसबाई, मॅच किती वेळ चालते गं साधारण?"

"अडीच-तीन तास. का?"

"मग असं करू, नऊ डाव कशाला, सहाव्या डावानंतर निघू. गर्दीत अडकायला नको."

"कसली गर्दी? तीन हजार माणसं येतात, त्यातली निम्मी चालत घरी जातात."

"तुझं आपलं प्रत्येक गोष्टीत काहीतरी असतंच," तो हसून म्हणाला आणि विषय बदलला.

तासाभराने कोरीनचा फोन. डॅड कुठकुठल्या गोळ्या घेतात त्याची यादी हवी होती.

"कशाला?" मार्लिसने विचारलं.

"असावी जवळ. प्रवासात."

"गोळ्यांची पेटी माझ्या पर्समध्ये असते, कोरीन. यादी कशाला?"

कोरीनला खोटं बोलता येत नसे. तिच्यातली मार्लिसला आवडणारी ती एकच गोष्ट होती. ती म्हणाली, "तू लाइलशी बोल. मला यात पाडू नकोस. फॉर्मवर भरायचीय."

मार्लिसने लागलीच भावाला फोन लावला आणि सगळं बाहेर आलं. मैदानापासून दहा मिनिटांवर एक वृद्धाश्रम होता. रविवारी साडेतीनला तिथल्या बाईंनी वेळ दिली होती. मॅचमधून उठायचं, सहज जाता जाता गाडी आत वळवायची, आणि डॅडना तिथेच सांगायचं.

"वृद्धाश्रम नाही गं, निवास आहे तो. तळं आहे, बदकं आहेत," लाइल म्हणाला.

"बदकं! त्यांच्या वाढदिवसाला तू त्यांना फसवून बदकं दाखवायला नेणार?"

"आधी सांगितलं तर ते गाडीत तरी बसतील का? एप्रिलमध्ये तळघरात पडले ते. चार तास. तूच शोधलंस ना? तूच रडत फोन केलास ना मला?"

हे खरं होतं, म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शोधलं मी! उचललं मी! डायबेटिसमुळे दर मंगळवारी पाय मी तपासते त्यांचे. तू ख्रिसमसला येतोस, केक खाऊन जातोस, आणि आता माझ्या आखलेल्या दिवसात तुझा कट घुसवतोस? रद्द कर. आत्ताच्या आत्ता फोन कर त्या बाईला."

"बरं, बरं. ओरडू नकोस. करतो रद्द."

तिने फोन ठेवला. वडिलांना सांगावं का, हे तिच्या मनात दोन दिवस घोळत राहिलं. सांगितलं तर रविवार संपला. रद्दच झालंय तर कशाला? तिने नाही सांगितलं.

रविवारी सगळं कागदावरच्यासारखं झालं. सव्वानऊ, दोन थांबे, सँडविच. मर्लनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि वाटेत प्रत्येक वळणावर आपली बस कुठे बंद पडली होती ते सांगत होते. मैदानात चार पायऱ्या ते कठड्याला धरून स्वतः उतरले. दोनच्या सुमाराला सावली त्यांच्या रांगेवर अगदी सांगितल्यासारखी सरकत आली. मर्लच्या शेजारी उन्हाने रापलेली एक दांडगी बाई मांडीवर कागद घेऊन एकेका चेंडूची नोंद करत होती. मर्ल तिच्या कागदात डोकावायला लागले. त्यांच्या दुसऱ्या बाजूला मार्लिस, मग लाइल, मग कोरीन. लाइलने सगळ्यांसाठी हॉटडॉग आणले, विनोद केले. मार्लिसला वाटलं, चला, जमलं.

सहाव्या डावात हॉर्नेट्सने बरोबरी केली. चार-चार. लोक उभे राहून ओरडत असतानाच लाइलही उभा राहिला, आणि बसलाच नाही. त्याने घड्याळावर बोट आपटलं.

"चला डॅड. निघू या."

"कुठे?" मर्ल म्हणाले.

मार्लिसच्या तोंडून निघून गेलं, "तू रद्द केलंय म्हणालास ना!"

लोक खाली बसले होते. तिचं वाक्य सगळ्या रांगेला ऐकू गेलं. मर्लनी आधी मुलाकडे बघितलं, मग सावकाश मान वळवून तिच्याकडे.

"काय रद्द केलं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, बसा की खाली, दिसत नाहीये!" लाइल खाली वाकला आणि ऑफिसात बोलतात तसल्या मऊ आवाजात म्हणाला, "डॅड, जवळच एक जागा आहे. नुसती बघायची. कुणी जबरदस्ती करत नाहीये. त्या बाई थांबल्यात आपल्यासाठी."

"कसली जागा?"

"राहायची."

मर्लच्या मानेवर लाल पट्टे चढले. त्यांनी हातातला अर्धा हॉटडॉग कागदात गुंडाळला, खुर्चीखाली ठेवला.

"तू जा," ते लाइलला म्हणाले. "तुझ्याकडून मला हेच अपेक्षित होतं. सोळाव्या वर्षी माझी गाडी खड्ड्यात घालून घरी येऊन झोपला होतास तू, सांगितलं नव्हतंस. जा, बदलला नाहीस म्हणून बरंच वाटलं."

"डॅड, सगळ्यांसमोर—"

"सगळ्यांसमोर तूच उभा राहिलास."

कोरीनने नवऱ्याची बाही ओढली. ती दोघं पायऱ्या चढून गेली. मार्लिसला क्षणभर सुटल्यासारखं झालं. ती वडिलांच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "मी त्याला म्हटलं होतं डॅड, मी भांडले त्याच्याशी—"

मर्लनी तिचा हात उचलून तिच्याच मांडीवर ठेवला.

"कधी?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी. आणि आज दोन तास तू मला गाडीतून आणलंस. मी बडबडत होतो, तू हसत होतीस. पोटात हे होतं?"

"तुमचा दिवस खराब होऊ नये म्हणून—"

"माझा दिवस! मी कधी मुतायचं ते तू कागदावर लिहून फ्रिजला चिकटवतेस. सावली कुठे पडेल ते तुला माहीत. आणि माझ्याबद्दल काय चाललंय ते तेवढं मला माहीत असायची गरज नाही?" त्यांचा आवाज चढला तशी शेजारच्या बाईची पेन्सिल थांबली. "तो लबाड आहे, तो मला कळतो. तू चांगली आहेस, मार्लिस. तुझ्यापुढे माणसाला काही बोलायची सोय नसते. ऊठ इथून. मला ही मॅच बघायचीय."

"मी कुठे जाऊ?"

"एवढ्या खुर्च्या रिकाम्या आहेत."

ती उठली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संतापच, इतका की पायऱ्या दिसेनात. ती मागे जाऊन दहाव्या रांगेत भर उन्हात बसली. तिथून त्यांच्या डोक्याचा मागचा भाग आणि कान दिसत होते. ते केस तिनेच गुरुवारी कापले होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं वेळेवर पोचवली, तीन वर्षं ह्यांचं सगळं बघितलं, आणि ओळीत उभं केलं ते लाइलशेजारी! नाही, त्याच्याही मागे! आपलं काय चुकलं ते ती परत परत शोधत होती, आणि सापडलं की आणखी चिडत होती.

खाली मर्ल त्या दांडग्या बाईशी बोलायला लागले होते. तिने त्यांना कागद आणि पेन्सिल दिली. आठव्या डावात ते कशावर तरी खदाखदा हसले, खांदे हलेपर्यंत. मार्लिसने त्यांचं तसं हसणं वर्षभरात ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, खाली जाऊन त्या बाईची ती पेन्सिल मोडावी.

नऊ डावांत निकाल लागला नाही. दहाव्यातही नाही. अकराव्यात हॉर्नेट्सचा एक लुकडा पोरगा घसरत होम बेसवर पोचला आणि त्या एका धावेवर त्यांनी मॅच जिंकली. मर्ल उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग एकटेच चार पायऱ्या चढले, तिच्याजवळून पुढे गेले आणि गाडीपाशी थांबून राहिले.

परतीच्या वाटेवर तिने पहिल्या थांब्याला गाडीचा वेग कमी केला. "नको," ते म्हणाले. वीस मिनिटांनी म्हणाले, "थांबव." आजूबाजूला मक्याशिवाय काही नव्हतं. तिने गाडी कडेला घेतली. ते मक्यात गेले. ती समोर काचेतून बघत बसली. तेवढंच बोलणं झालं. घरी उतरताना त्यांनी "आभार" म्हटलं, टॅक्सीवाल्याला म्हणावं तसं.

मंगळवारी ती पाय बघायला गेली तर दाराला आतून कडी. "बरे आहेत पाय," आतून आवाज आला. लाइलने तीन वेळा फोन केला. तिने एकदाच उचलला, आणि बसमध्ये पोरांसमोर जे शब्द ती कधीच वापरत नसे ते सगळे वापरले.

पुढच्या शुक्रवारी दुपारी फोन वाजला.

"मी बोलतोय," मर्ल म्हणाले. "काल एल्डनच्या गाडीतून जाऊन आलो."

"कुठे?"

"तिथेच. लाइलच्या बदकांकडे. तळं कसलं, डबकं आहे. जेवणात मीठ नाही. मग येताना आपल्या वेलरमधलं बघितलं, चर्चच्या मागचं. खोली लहान आहे, पण खिडकी रस्त्यावर आहे. नाव नोंदवलंय मी, सहीसुद्धा केली. थंडीच्या आधी जाईन."

मार्लिस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "डॅड, मला विचारायचं तरी. मी आले असते. मी बघितलं असतं जिने किती आहेत, डॉक्टर रात्री असतो का—"

"जिने नाहीत. डॉक्टर असतो. विचारलं मी."

"एल्डनला नेलंत! शेजाऱ्याला! आणि मला सही झाल्यावर सांगताय?"

"हो," ते म्हणाले. "आता कळलं कसं वाटतं ते?"

त्यांच्या आवाजात राग अजून तसाच होता; एक पदरही उतरला नव्हता. तिचाही नव्हता. ती दात आवळून श्वास घेत राहिली. तिकडे तेही श्वास घेत होते. फोन दोघांनीही ठेवला नाही.

"सामान पुढच्या शनिवारपासून थोडं थोडं हलवायला घेऊ," शेवटी ते म्हणाले. "तुझी गाडी लागेल. किती वाजता यायचं ते मी सांगेन."

"सांगा," ती म्हणाली, आणि तिनेच आधी फोन आपटला.