चारी पायांवर

"भावोजी, शटर किती ठेवलंय?"

"ऑटोवर आहे. कॅमेऱ्याला सगळं कळतं."

कॅमेऱ्याला कळत असेल. भावोजींना काही कळत नाही याची मला खात्री होती. निवृत्त झाल्या झाल्या घेतलेला कॅमेरा, अंगात बारा खिशांचे जाकीट आणि बाराही खिसे रिकामे. मी तीस वर्षे स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढतो आहे. असले हौशी लोक पाहिले की माझे डोके उठते.

मैदानाच्या टोकाला ताई आपल्या कुत्र्याला धरून उभी होती. त्याच्या मागच्या पायात गाठ होती आणि उद्या सकाळी डॉक्टर तो पायच काढणार होते.

"एकच फोटो हवाय," ताई मला म्हणाली होती. "चारी पायांवर पळतानाचा. यांच्या भरवशावर नको, तू काढ."

"शटर सेकंदाच्या सोळाशेव्या भागावर ठेवा," मी भावोजींना सांगितले. "ढग आलेत, उजेड कमी पडेल, आयएसओ वाढवा. फोकस कुत्र्यामागे फिरता ठेवा आणि बटण दाबूनच धरा."

"एवढं करेपर्यंत कुत्रं घरी जाऊन झोपेल रे!" ते हसले. दगडाला सांगितले असते तर तो निदान हसला तरी नसता.

ताईने पट्टा सोडला. कुत्रे दोनदा मैदानभर पळाले; आम्ही दोघेही आपापले कॅमेरे डोळ्याला लावून होतो. तिसऱ्यांदा लंगडले, तेव्हा ताईने धावत जाऊन त्याला कवटाळले.

स्टुडिओत मी ऐटीत माझे बावीस फोटो पडद्यावर लावले. कुत्र्याच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. चेहरा बरोबर मधोमध, दोन्ही कान पूर्ण, हनुवटीखाली दोन बोटे जागा. तीस वर्षांच्या सवयीने हाताने आपोआप झूम केले होते.

"पाय कुठेत रे?" ताईने विचारले.

बाविसांतल्या एकातही नव्हते. मला माझीच शिसारी आली.

भावोजींनी आपला कॅमेरा पुढे केला. फोटो तिरका, अर्ध्या भागात नुसते आभाळ, कुत्रे म्हणजे नुसते फराटे, पण नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण. "जरा हललाय," ते ओशाळून म्हणाले.

असा फोटो मी गिऱ्हाइकाला दाखवलाही नसता. तोच मी माझ्याकडच्या सर्वांत मोठ्या कागदावर छापला.

कागद अजून कोमट होता. ताईने त्या पुसट फराट्यांवर बोट ठेवत पाय मोजले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले.