तिशीच्या पल्याड

महेंद्र बालाघाटजवळच्या भरवेलीचा. वडील मँगनीजच्या खाणीत कामाला होते आणि घर खाणीच्या कॉलनीत. सातवीत असताना एका हिवाळ्यात त्याची कोपरं आणि गुडघे इतके दुखायला लागले की त्याला खाटेवरून उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तपासणीत सिकलसेल निघाला. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकून बसतात, आणि मग हाडात तापलेली सळई फिरवल्यासारखं दुखतं. थंडीत जास्तच. त्याची निम्मी शाळा खाटेवर गेली. गिटारही तो खाटेवरच शिकला.

बाविसाव्या वर्षी नागपुरात त्यानं अंकित नावाच्या ड्रमरला सोबत घेऊन बँड काढला आणि एक गाणं लिहिलं.

तिशीच्या पल्याड माह्यं गाव नाही,
मेल्यावर पुसा, आज भाव नाही.

गिटार कर्कश होती, आवाज फाटका होता, पण पोरांनी ते उचललं. कॉलेजांतून, गणपतीच्या मांडवांतून, गाड्यांच्या स्पीकरवरून ते वाजायला लागलं. मग कोणीतरी बातमी छापली की गाणाऱ्याला खरंच रक्ताचा आजार आहे, तो तिशी पाहणार नाही असं डॉक्टर म्हणालेत. त्यानंतर महेंद्रला उसंत मिळाली नाही. लोक रडत भेटायला यायचे, हात हातात घेऊन सोडायचे नाहीत. तो तीस वर्षांचा झाला त्या दिवशी नागपूरच्या कार्यक्रमाला मैदान पुरलं नाही. सगळे निरोप द्यायला आल्यासारखे आले होते.

आणि महेंद्र मेला नाही.

एकतिसाव्या वर्षी लोकांनी त्याला चमत्कार म्हटलं. चौतिसाव्या वर्षी एका व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं, ‘अजून आहे का हा?’ त्यानं दुसरी गाणी केली. आईवर केलं, खाणीच्या भोंग्यावर केलं, लग्न मोडलं त्यावरही केलं. मैदानात ती सुरू झाली की लोक पाणी प्यायला उठायचे. शेवटी ओरडा एकच, ‘तिशी! तिशी!’

आता तो एक्केचाळीसचा होता. त्याचे कार्यक्रम रजत नावाचा नागपूरचा माणूस ठरवायचा. रजत वाईट नव्हता. हिशेबात चोख, प्रवासात काळजी घेणारा. पण त्याचे काही नियम होते. पोस्टरवर वय लिहायचं नाही. स्टेजवर स्वेटर घालायचा नाही, पाण्याची बाटली ठेवायची नाही, आणि सिकलसेलची रोजची कॅप्सूल कोणाच्या समोर घ्यायची नाही.

“लोक तुले मरताना पाहायले येतात भाऊ,” रजत एकदा सरळ म्हणाला होता. “औषध खाताना नाही.”

म्हणून महेंद्र डिसेंबरच्या थंडीत बिनबाह्यांच्या काळ्या बनियनवर गायचा आणि नंतर दोन दिवस अंथरुणात काढायचा. कधी रजतनं हो म्हटलं म्हणून, कधी आईच्या घराचं छप्पर करायचं होतं म्हणून, कधी दुसरं काही येत नाही म्हणून. सोडायचं ठरवून त्यानं तीनदा फोन उचलला होता. तिन्ही वेळा पुढची तारीख घेऊन ठेवला.

या डिसेंबरात बालाघाटचा कार्यक्रम ठरला. घरच्या गावात सहा वर्षांनी. दुपारी तो गेस्ट हाउसच्या खोलीत ब्लँकेट गुंडाळून बसला असताना दार वाजलं. बाहेर एक पन्नाशीची बाई आणि एक सडपातळ मुलगी उभी होती. मुलीच्या डोळ्यांत पिवळी झाक होती. ती कशाची, हे महेंद्रला कोणी सांगायची गरज नव्हती.

“मी पुष्पलता,” बाई म्हणाली. “खैरलांजीहून आलो भाऊ, बसनं. हे माही पोरगी, मयुरी. पाच मिनिटं द्या. लय उपकार होतीन.”

“या, बसा ना.”

पुष्पलता पलंगाच्या कडेवर बसली. मयुरी उभीच राहिली.

“हिले पण तेच हाय,” पुष्पलता म्हणाली. “सिकलिन. लहानपणापासून. बरी राहे हो, दवाई घे, शाळेत जाये. बारावी पास झाली. म्हणलं नर्सिंगचा फॉर्म भर. भरत नाही. दिवाळीपासून दवाई बंद केली. म्हणते, काहून खाऊ? तुमचं गाणं लावून बसते दिवसभर. तुमीच समजवा.”

“मम्मी, बस हो गया,” मयुरी म्हणाली. मग महेंद्रकडे वळली. तिची मराठी अर्धी हिंदीत जायची. “सर, मले एकच पूछना आहे. सच बताना. तीस तुमाले कोण्या डॉक्टरनं सांगतलं? नागपूरच्या का?”

“काहून पुसतेस?”

“म्हणजे टेस्ट कोणती केली ते समजंल. मी पण करीन. कोणाचं तीस राहते, कोणाचं पच्चीस राहत असंल. मले माहीत तर पाहिजे किती हाय ते. मी अठराची आहो. तीस पकडले तर बारा साल. चार साल नर्सिंगमधी घालवू का?”

ती हे रडत सांगत नव्हती. बसचं तिकीट विचारावं तसं विचारत होती. महेंद्रला त्याचीच भीती वाटली.

या प्रश्नाला त्याच्याकडे एकोणीस वर्षं तयार उत्तर होतं. डोळे खाली घ्यायचे, हसायचं, म्हणायचं, ‘गाण्यातच सगळं आहे.’ मुलाखतींत ते दरवेळी चाललं होतं. तोंडाशीही आलं. पण समोरची पोरगी टाळ्या वाजवायला आली नव्हती.

“कोण्याच डॉक्टरनं सांगतलं नाही,” तो म्हणाला.

“मग?”

“मी पहिले ‘चाळिशीच्या पल्याड’ लिहिलं होतं. अंकित, आमचा ड्रमवाला, म्हणे ठेक्यात बसत नाही, एक अक्षर जास्त होते. ‘साठी’ करून पाहिलं तर सगळे हसले. ‘तिशी’ बसलं.”

पुष्पलताला नीट कळलं नाही, ती मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“ठेक्यासाठी?” मयुरी म्हणाली.

“हौ.”

“आणि पेपरमध्ये आलं ते?”

“ते त्याइनं छापलं. मी नाही म्हणलो नाही. लोक यायले लागले होते. मले वाटलं, आता नाही म्हणलं तर कोणी येणार नाही.”

“मग गाण्याचा मतलब काय?”

या प्रश्नावर महेंद्रला खरंच विचार करावा लागला. “मी बावीसचा होतो,” तो म्हणाला. “मरायची भीती होतीच. पण कोणी न पुसता मरायची जास्त होती. तेवढंच हाय त्याच्यात. वय नाही.”

त्यानं बॅग उघडली आणि तारांच्या पाकिटाखालचा डबा काढून तिच्यापुढे धरला. आत तीच कॅप्सूल होती जी तिनं दिवाळीपासून बंद केली होती. “सोळा वर्षं झाली, एक दिवस चुकवली नाही. दिवसाचं तीन लिटर पाणी पितो. थंडीत पायमोजे घालून झोपतो. तीन-तीन महिन्याले रक्त तपासतो. त्याच्यानं आहो मी. दुसरं काही नाही.”

त्याला वाटलं होतं, तिचा चेहरा सैल पडेल. उलट तो आवळला.

“तुमी रोज खात होते,” ती म्हणाली. “आणि मी इथं तुमचं गाणं ऐकून बंद केली. दिवाळीनंतर दोन बार भरती झाली मी, सर. खून चढवलं. मम्मी कोणाकोणाले डोनर मागत फिरली, तुमाले काय माहीत.”

“मयुरी,” पुष्पलता म्हणाली.

“नाही मम्मी. चल.”

ती गेली. पुष्पलतानं दारातून मागे वळून हात जोडले आणि तीही गेली. पोरगी एवढी रागावलेली असताना आई हात का जोडते, हे महेंद्रला उमगलं नाही. तो डबा हातात धरून तसाच बसून राहिला.

संध्याकाळी मैदान भरलं. वारासिवनी, कटंगीकडून पोरं मोटरसायकलींवर आली होती. महेंद्र स्वेटर घालून स्टेजवर चढला. रजतनं खालून हातवारे केले, त्यानं पाहिलं नाही. पहिल्याच गाण्याआधी त्यानं माइक हातात घेतला.

“मले काही सांगायचं आहे,” तो म्हणाला. “मी एक्केचाळीस वर्षांचा आहो. तीस वर्षांत मरशीन असं मले कोण्याच डॉक्टरनं कधी म्हणलं नव्हतं. ते मी ठेक्यासाठी लिहिलं. मी रोज दवाई खातो, म्हणून जिवंत आहो. ज्याइले सिकलसेल असंल त्याइनं दवाई बंद करू नका.”

मग कोणीतरी शिट्टी मारली, हसू पसरलं आणि प्रचंड टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मरणाची थट्टा करणारा माणूस. ‘तिशी! तिशी!’ सुरू झालं. अंकितनं गोंधळून ड्रमवर ठेका धरला, कारण धरला नसता तर काय करायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

महेंद्र गायला लागला. पहिल्या ओळीत त्यानं ‘चाळिशीच्या’ म्हटलं. ठेका घसरला, पण त्यानं म्हटलं. ते त्याच्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही. समोरच्या चार हजार लोकांनी एका आवाजात ‘तिशीच्या’ म्हटलं आणि त्याचा आवाज त्यात बुडाला. दुसऱ्यांदा तो पुन्हा ‘चाळिशीच्या’ म्हणाला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं तोंड मिटलं, गिटारवरून हात काढला. गाणं थांबलं नाही. लोक मोबाइलचे दिवे उंच धरून, डोळे मिटून, पूर्ण कडवं न चुकता गात होते. तो मधोमध उभा होता आणि त्याची कोणालाच गरज नव्हती. मागे अंकित वाजवत होता, पुढे कठडा होता. उतरायची शिडी रजत उभा होता त्या बाजूला.

त्या गर्दीत मयुरी होती की नाही, हे त्याला दिसलं नाही. त्यानं शोधलं मात्र फार.

“क्या माहौल बनाया भाई,” खाली उतरल्यावर रजत म्हणाला. तो खरंच खूश होता. “ते दवाईवालं भाषण दर शोमध्ये ठेवू. स्वेटर काढून मग बोल फक्त.”

तीन आठवड्यांनी गोंदियाचा कार्यक्रम होता. तिथं निघायच्या आधी पुष्पलताचा फोन आला.

“भाऊ, पोरगी दवाई खाऊन राह्यली,” ती म्हणाली. “फॉर्मची तारीख निघून गेली होती, आता पुढच्या साली भरतो म्हणते. सांगावं म्हणून फोन केला.”

“बरं झालं बाई. तिले देता काय फोन?”

पुष्पलतानं आवाज हळू केला.

“ते नाही बोलत म्हणते. तुमचं नाव काढलं तरी उठून जाते. गाणं पण काढून टाकलं मोबाइलमधून. तुमी वाईट नका वाटून घेऊ.”

“नाही, नाही,” महेंद्र म्हणाला. “बरोबर आहे तिचं.”

फोन ठेवून तो गाडीत बसला. गोंदियाला मैदान बालाघाटपेक्षा मोठं होतं. त्यानं सुरुवातीला तेच सांगितलं, मी एक्केचाळीसचा आहो, दवाई बंद करू नका, आणि लोकांनी तशाच टाळ्या वाजवल्या. मग ठेका सुरू झाला. या वेळी त्यानं शब्द बदलला नाही; जिच्यासाठी बदलला होता तिनं गाणंच काढून टाकलं होतं. लोकांबरोबर, लोकांच्याच आवाजात, तो ‘तिशीच्या पल्याड’ गायला, आणि दुसरं कडवंही म्हणायला लागला.