तीन मजल्यांचा ताप

मित्रांनो, अंग पिवळट, कडेला दातांच्या खुणा आणि पोटावर पुसट झालेल्या रेघा, असा माझा अवतार आहे. लहान मुलांच्या तापाच्या औषधावर उपडा घालून जो मापाचा छोटा कप देतात, तो मी. आता पार जुना झालो.

माझा जन्म कारखान्यातला. साचा मिटला, उघडला आणि माझी शेकडो भावंडं खळखळत पेटीत पडली. अंगावरच्या रेघा एवढंच आमचं शिक्षण. पण ते पक्कं होतं. औषध रेघेपर्यंत, वर थेंबही नाही.

इजिप्तमधल्या दमन्हूर गावातल्या एका औषधांच्या दुकानातून हनादीने मला घरी नेलं. घर तिमजली. तळाला तिची सासू इन्तिसार, हज करून आलेली म्हणून सगळ्यांची हाज्जा, मधे मोठी जाऊ सौसन आणि वर हनादी आपल्या तीन वर्षांच्या लेकीसोबत, जुमानासोबत. नवरा कामासाठी कुवेतला. तीन मजले, तीन संसार, पण दारं सताड उघडी. एकीकडे मुलूखियाची पालेभाजी शिजली की तिन्ही मजले जेवणार, आणि एकीचं मूल आजारी पडलं की तिन्ही मजले डॉक्टर होणार!

हनादी शाळेत शिकवायची. दुकानात तिने आधी जुमानाचं वजन सांगितलं, मग औषध किती द्यायचं ते विचारून घेतलं. मला डोळ्यांसमोर आडवं धरून ती रेघ बघून ओतायची. औषध पिऊन झालं की जुमाना मला चाटायची, चावायची. ते माझे मानाचे दिवस.

मग एका हिवाळ्यात जुमाना तापली. सकाळी हनादीने तिला औषध पाजलं आणि बाटली हाज्जाच्या फडताळावर ठेवत म्हणाली, "हाज्जा, आत्ताच दिलंय हं. मी येईपर्यंत दुसरं काही देऊ नका."

"अगं, सहा पोरं वाढवलीत मी! तू जा, शाळेतल्यांना शिकव."

हनादीची पाठ वळली तशी हाज्जा पुटपुटली, "सरबतानं कुठं ताप उतरतो? ते घशापुरतं." तिने डब्यातून लबूस काढली. लबूस म्हणजे मुलांना खालून सरकवायची मेणासारखी गोळी. या गोळीवर हाज्जाचा पोटच्या मुलांपेक्षा जास्त विश्वास. तिच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत वेगळं नाव होतं, पण खाली बारीक अक्षरांत माझ्याच बाटलीतलं औषध. वाट वेगळी, औषध तेच!

थोड्या वेळाने सौसन उतरली. "अगंबाई, अजून तापलीय की पोर! हे थेंब आणलेत. माझ्या करीमला असे मानवले होते, विचारू नका." थेंबांचं औषध जास्त तीव्र, म्हणून तर ते थेंबांनी मोजायचं. सौसनने मोजलं चहाच्या चमच्याने. मी फडताळावर बसून बघत होतो. बारीक अक्षरांत तिथेही तेच नाव.

दुपारी ताप उतरला आणि श्रेयाची ओढाताण सुरू झाली.

"बघितलंस? माझ्या हाताला गुण आहे," हाज्जा म्हणाली.

"हाताला नाही हो हाज्जा, माझ्या थेंबांना!"

संध्याकाळी ताप चढला. हनादी आली आणि तिने मला रेघेपर्यंत भरलं. दिवसभरात काय काय दिलं ते तिला कुणीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने ऐकवलं असतं, आणि सुनेचं ऐकून कोण घेणार? प्रत्येकीने माया जमेला धरली. औषधाची बेरीज कुणीच केली नाही.

काही दिवस हेच चाललं. मग जुमाना ओकू लागली. दूधभात पुढे केला तर तोंड फिरवायची. हाक मारली तर डोळे अर्धेच उघडायची. सगळ्या जणी तिला घेऊन दवाखान्यात धावल्या. हनादीने बाटलीसकट मला पर्समध्ये टाकलं.

डॉक्टरांनी मला हातात घेतलं. "याशिवाय तापाचं आणखी काही दिलंय का? खरं सांगा, उपचार त्यावर ठरायचेत."

"फक्त हेच," हनादी म्हणाली आणि तिने बाकावर बसलेल्या दोघींकडे पाहिलं. "हाज्जा, तुम्ही काही...?"

हाज्जा जपमाळ ओढू लागली. "मी काय देणार बाई? बडीशेपेचं पाणी पाजलं."

"मी तर माझ्या मजल्यावर होते," सौसन म्हणाली.

सकाळपर्यंत हाताच्या गुणावरून भांडणाऱ्या दोघी, आता एकीलाही हात नव्हते! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. रक्त तपासायला गेलं. अहवाल येईपर्यंतचा वेळ वाया गेला.

"या मापाने यकृताची अशी दशा होत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणीतरी आणखी दिलंय." बाकावर जपमाळेचे मणी तेवढे सरकत राहिले. मग त्यांनी आपल्या अंदाजाने सलाइनमधून उतारा सुरू केला.

जुमाना वाचली. डोळ्यांत पिवळेपणा घेऊन, काडीसारखी होऊन घरी आली. भेटायला येणाऱ्यांना हाज्जा सांगायची, "नजर लागली हो पोरीला. आणि सुनेनं औषधही जरा जास्तच पाजलं. शिकलेली ना!" हनादीने ते जिन्यातून ऐकलं. त्या घरात पहिल्यांदाच एक दार आतून बंद झालं. हाज्जाने पुरावा म्हणून मला सगळ्यांना दाखवलं आणि गच्चीवर भिरकावलं. आता कबुतरं माझ्यात चोच घालून बघतात, काही नसतं, निघून जातात.

मित्रांनो, घरी मोठ्यांना सांगा, औषध वजनावर ठरतं, मायेवर नाही. ते एकानेच द्यावं. दुसऱ्याने बाटली उघडण्याआधी विचारावं, "कुणी काय दिलंय? कधी दिलंय?" बारीक अक्षरं वाचावीत. चहाचा चमचा चहाला ठेवावा. आणि हातून चूक झालीच, तर डॉक्टरांसमोर तोंड उघडावं.

त्या बाकावर बसलेल्या दोघी वाईट नव्हत्या. जुमानावर जीव टाकत होत्या. तिच्यासाठी एक खरं वाक्य मात्र त्यांच्याच्याने टाकवलं नाही.