आम्हाला पुरेल अशी गाडी

शेवटी एकाच माणसाला झोपता येईल अशी गाडी घेतली.

हे वाक्य वाचलं असेल तर जिथून उचललं तिथे परत ठेवून द्या. असं काही झालेलं नाही. अजून घरात तीन माणसं आहेत, तिघंही नव्या गाडीबद्दल बोलतायत, आणि लिफ्टवाल्याला वाटतंय की प्रश्न गाडीचा आहे.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. लेक शिकायला परगावी असते. सुट्टीला घरी येते ती मुख्यतः फ्रिज उघडून त्याच्यासमोर उभं राहायला. या तिघांकडे इतकी वर्षं एक कॅराव्हॅन होती, मोटारीमागे जोडून ओढायची. घरात तिला 'डबा' म्हणत. डब्याचं छप्पर गळायचं, दार वाऱ्याशी संगनमत करून आपोआप उघडायचं, आणि मागच्या उन्हाळ्यात तर एक चाक बाजूने त्यांना ओव्हरटेक करून पुढे गेलं. "बिचाऱ्या कुणाचं तरी चाक निघालं बघ," असं लिफ्टवाला हळहळून म्हणाला, आणि मग डबा एका कुशीवर बसला. तो पुढे मेव्हण्याने नेला. त्यात आता कोंबड्या राहतात. कोंबड्यांची अजून तक्रार नाही.

तर आता नवीन काय घ्यायचं? परत ओढायचीच घ्यावी, की आतच इंजिन असलेली मोटरहोम घ्यावी, की टपावर तंबू उघडतो तसली?

"तंबूवाली नको," लेक म्हणाली. "बाबा झोपेत चालतो."

"मी कधी चाललो झोपेत?"

"तुला कसं कळणार?"

बायको माहितीपत्रकं घेऊन बसली होती. दोन चित्रं तिने नवऱ्याच्या नाकासमोर आळीपाळीने धरली आणि दुकानातल्या आवाजात विचारलं, "हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखंच."

"नीट बघा हो. हे... की हे?"

"पहिलं."

"पहिलंच दोनदा दाखवलं." तिने पत्रक खाली ठेवलं आणि तिसरं उचललं. "मागची खिडकी मात्र मोठी हवी. म्हणजे सकाळी डोळे उघडले की आम्हाला समोर पाणी दिसेल."

लिफ्टवाल्याचा चहा घशात मधल्या मजल्यावर अडकला.

आम्हाला.

हे कुणाला शिकवावं लागत नाही. 'आपण जेवू या' म्हटलं की बसायचं, 'आम्ही जेवतो' म्हटलं की चपला घालायच्या. आणि बायको बोलत होती त्याच्याशी, समोरासमोर, त्याच्याच चहाच्या कपाशेजारी कोपर टेकून. म्हणजे त्या मोठ्या खिडकीच्या आत काही माणसं होती, त्यांना पाणी दिसत होतं, आणि लिफ्टवाला त्यांच्यात नव्हता. तो बहुधा बाहेर होता. पाण्याच्या आणि त्यांच्या मधे.

दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. पण लिफ्टवाल्याचे कान कामाने बिघडले होते. लिफ्टच्या टपावर बसून तेलपाणी करताना खाली आतली माणसं काय बोलतात ते ऐकू येतं. त्यांना वाटतं आपण एकटे आहोत. 'आपण ही भिंत पाडू' म्हणत वर जाणारी जोडपी त्याने ऐकली होती, आणि त्याच लिफ्टमधून 'मी माझं बघते' म्हणत खाली येणारीही. लोखंडी दोर एकदम तुटत नाही. आधी एक बारीक तार सुटते, केसासारखी. तिच्यावर नजर गेली की शहाणा माणूस लिफ्ट बंद करून पाटी लावतो. घराला पाटी कुठे लावायची ते त्याला माहीत नव्हतं.

त्याने सापळे लावायला सुरुवात केली.

"मग या उन्हाळ्यात आपण कुठे जायचं?" भांडी पुसता पुसता त्याने विचारलं.

"बघू," बायको म्हणाली.

'बघू'च्या आत किती माणसं बसली आहेत ते बाहेरून दिसत नाही.

"रविवारी आपण गाड्या बघायला जाऊ या ना?"

"हो, जायला हवं."

हे तर आणखी वाईट. यात कुणीच नव्हतं. नुसतंच जाणं होतं.

शेवटी त्याने लेकीला फ्रिजपाशी गाठलं. "आई 'आम्ही' म्हणते."

"मग?"

"मला म्हणते. आम्हाला पाणी दिसेल म्हणे. कोण आम्ही? मी तर समोर बसलो होतो!"

लेकीने दह्याचा चमचा तोंडातून काढला. "बाबा, व्याकरणावरून बायकोचा संशय घेणारा तू जगातला पहिला नवरा."

"मी संशय नाही घेत. मी विचारतोय. तू आहेस का त्यात?"

"कशात?"

"आम्हीत."

"मला कुणी विचारलं नाही. असते तर वरचा बेड मागितला असता."

म्हणजे लेक नाही. राहिली मेव्हणी, पण ती झोपेत अशी घोरते की तिच्याबरोबर बंद डब्यात कुणी आपखुशीने झोपणार नाही. राहिला दुकानातला फ्रेमवाला, जो फ्रेमच्या दांड्या वाकवून गिऱ्हाइकाच्या कानामागे बसवतो. लिफ्टवाल्याने त्याला आजवर सज्जन मानलं होतं. आता त्याला आठवलं की माणूस चांगला उंच आहे. सहा फुटी बेडमध्ये मावणार नाही, या विचाराने त्याला थोडं बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

विचारून टाकायचं तर सरळ होतं. पण विचारलं की उत्तर येतं. त्यापेक्षा त्याने ठरवलं, गाडीच अशी निवडायची की बायकोच्या तोंडून 'आपण' निघालंच पाहिजे.

रविवारी तिघं गेले. विमान ठेवता येईल एवढी शेड, आणि तिच्यात गाड्या ओळीने, दारं उघडी, पायऱ्या खाली सोडलेल्या. न हलणाऱ्या गाड्यांचं ते एक गावच होतं. विक्रेत्याच्या टायवर छोट्या छोट्या कॅराव्हॅन छापल्या होत्या आणि त्या सगळ्या त्याच्या पोटाच्या दिशेने उतारावर निघाल्या होत्या.

"एकच प्रश्न, सर," तो म्हणाला. "किती जण झोपणार?"

लिफ्टवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"सहा," लिफ्टवाला म्हणाला.

"सहा?" लेक म्हणाली. "बाकीचे तीन कोण? कोंबड्या?"

"असू दे. माणसं वाढतात."

विक्रेत्याने त्यांना सगळ्यात मोठ्या मोटरहोममध्ये नेलं. लिफ्टवाल्याने सवयीने टाच आपटून जमीन पाहिली, दार लावताना कान दिला, कपाटांचे खटके तपासले. लेक वरच्या बेडवर जाऊन गायब झाली.

"झोपून बघा, सर. लोक उभ्या उभ्या गाडी घेतात आणि आडवं झाल्यावर रडतात."

लिफ्टवाला आणि बायको मागच्या मोठ्या बेडवर झोपले. बूट काढून, हात पोटावर ठेवून, दोघांमधे तिसरं माणूस झोपेल एवढी जागा. मागच्या खिडकीतून पाण्याऐवजी शेडची भिंत दिसत होती.

"ऐसपैस आहे," तो म्हणाला.

"आहे."

"आपण दोघं इकडे. लेक वर. तुझ्या बहिणीला तिकडे झोपवू, इंजिनापाशी. दोघांचा आवाज एकमेकांत जाईल."

बायको हसली नाही. एरवी बहिणीच्या घोरण्यावर ती हमखास हसायची. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. बाजूच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्याने डोकं बाहेर काढलं होतं. त्याच्या मागे म्हातारी विणकाम करत बसली होती.

"दार जरा हळू लावत चला," म्हातारा म्हणाला. "शेजारी माणसं राहतात."

"तुम्ही घेतली का ही?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"छे हो! आम्ही दर रविवारी येतो. घेतली तर चालवावी लागेल."

तो परत वळून पाहतो तर बेडवर बायको नव्हती.

आधी त्याला वाटलं, हात धुवायला गेली असेल. मग त्याने गाडीतल्या नळाला पाणीच नाही हे पाहिलं. मग तो एकेका गाडीत डोकावत निघाला. एका गाडीत एक नवरा-बायको पडद्याच्या रंगावरून भांडत होते. त्यांनी त्यालाच मत विचारलं. एकीत दार आतून बंद होतं आणि कुणीतरी "झालंच" म्हणालं. लिफ्टवाला पळायला लागला. उगाच, रविवारी दुपारी, भर उजेडात, विकायला ठेवलेल्या गाड्यांमधे.

ती अगदी शेवटच्या रांगेत सापडली, भिंतीला लागून उभ्या असलेल्या एका छोट्या कॅम्पर व्हॅनमध्ये. तिच्यात सगळं एकेक होतं. एक शेगडी, एक खुर्ची, एक खुंटी, एक बेड. बायको त्या बेडवर तिरकी पडली होती, एक पाय भिंतीला लावून. तोंडावर काहीच नव्हतं. ना कंटाळा ना राग. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी ओझं उतरवून जमिनीवर ठेवावं, तसा तो चेहरा होता.

लिफ्टवाला आत शिरायला गेला. मावेना. शेवटी डोकं आणि एक खांदा आत, बाकीचा माणूस बाहेर, असा तो दारात उभा राहिला.

"अगं, मी सगळीकडे शोधतोय."

"हो. ऐकू येत होतं."

"मग हाक नाही मारायची?"

तिने भिंतीवरचा पाय खाली घेतला. इतके दिवस जपून ठेवलेला प्रश्न स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला.

"आम्ही म्हणजे कोण?"

तिला काय ते लगेच कळलं. हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. 'कसलं आम्ही?' असं तिने विचारलं असतं तर तो आनंदाने वेडा ठरला असता.

"आम्ही म्हणजे मी," ती म्हणाली.

"एकटी?"

"एकटीच. 'मी' म्हणायचा धीर होत नव्हता. म्हणून जरा माणसं जमवली."

बाहेर कुठेतरी कुणीतरी कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजवून पाहिला. लिफ्टवाल्याला फ्रेमवाल्याची मनापासून आठवण झाली. त्या 'आम्ही'त तो असता तर निदान कुणाच्या तरी दुकानात जाऊन उभं राहता आलं असतं.

"माझं काही चुकलं का?"

"नाही हो. तेच तर. चुकलं असतं तर भांडून गेले असते, आणि भांडून गेलेलं माणूस परत येतं." ती उठून बसली. डोकं छताला लागलं नाही. गाडी तिच्याच मापाची होती. "मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते. हे बरं, की हे? शेवटी शेवटी लोक म्हणतात, दोन्ही सारखंच. तसं झालंय मला. तुमच्याबरोबर काय, तुमच्याविना काय, मला फरकच दिसेनासा झालाय. याची मला भीती वाटते. एकदा लांब जाऊन बघायचंय."

"आणि लांबूनही सारखंच दिसलं तर?"

"तर कळवीन."

"आणि बरं दिसलं तर? मी?"

"तरी कळवीन."

तिने 'परत येईन' म्हटलं नाही. लिफ्टवाल्याने ते ऐकलं. न बोललेलंही त्याला ऐकू येत असे. त्याच्या मनात पुष्कळ वाक्यं आली. सगळी 'आपण'ने सुरू होत होती आणि पुढे कुठे जावं ते त्यांना कळत नव्हतं. म्हणून त्याने हाताला लागलेला दाराचा खटका दाबून पाहिला. तो घट्ट होता. त्याने खिशातून पक्कड काढली, पट्टी किंचित वाकवली, परत दाबला.

"आतून लावून झोपत जा," तो म्हणाला. "आता अडकणार नाही."

बायकोने खाली मान घातली. ती रडत होती की बूट शोधत होती ते त्या कोनातून दिसत नव्हतं.

टाय घेऊन विक्रेता आला. "अरे, सर, ही तुमच्यासाठी नाही! हिच्यात एकच जण झोपतो. मी तुम्हाला सहावालीचे पडदे दाखवतो, या."

लिफ्टवाला दारातून मागे सरकला, पाठीला हात लावून सरळ झाला. परक्यासमोर 'आम्ही' म्हटलं तर त्याच शब्दात बायकोही येते. तिला बरोबर घेतल्याशिवाय तो शब्द बोलताच येत नाही. हे वापरायची संधी त्याला परत कधी मिळेल, कोण जाणे.

"आम्हाला हीच हवी," तो म्हणाला.

आतून बायकोने एकदम वर पाहिलं. पण तोवर वाक्य संपलं होतं.

परतताना लेकीला सांगावं लागलं. ती मागच्या सीटवर पुढे सरकली. मग म्हणाली, "तरी मी म्हणत होते, सहा जास्त होतात." आणि आईच्या खांद्यावर मागून हनुवटी टेकवली. पुढचा सगळा रस्ता काढली नाही.

गाडी आली, आणि एका सकाळी बायको गेली. फार साधेपणाने. नळ नीट बंद करा म्हणाली, कोपऱ्यावर वळताना तिने उजवीकडचा दिवा लावला आणि डावीकडे वळली. लिफ्टवाला हात वर करून उभा होता. दिवा चुकला हे ओरडून सांगायला निघालेला तो हात होता. निरोपाचा म्हणून खपून गेला.

तो आत येऊन टेकतो न टेकतो तोच फोन वाजला. त्याने झडप घातली. गाडीच्या कंपनीचं यंत्र बोलत होतं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आवाज झाल्यावर बोला. आवाज झाला. दुसऱ्या कुणी फोन ठेवला असता. लिफ्टवाला उठून उभा राहिला, घसा खाकरला, आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"महोदय, सदर वाहन उत्तम आहे. दाराच्या खटक्याबाबत तक्रार होती, ती अर्जदाराने स्वखर्चाने दूर केली आहे. तथापि सदर वाहनातील बेड एका व्यक्तीपुरता असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सदर बेड डाव्या बाजूने अर्जदाराच्या रुंदीइतका वाढवून मिळावा. अर्जदार कुशीवर झोपण्यास तयार आहे. वाहन सध्या प्रवासात असून ते नेमके कोठे आहे याची अर्जदारास कल्पना नाही. सबब, वाहन न थांबवता, आणि आतील व्यक्तीची झोप न मोडता, हे काम चालू वाहनातच करून देण्यात यावे, ही नम्र विनंती."